नकारघंटेची संदर्भसूची

लोक मला विचारतात, तुम्ही घरी बसून नक्की करता काय? मी सांगते, संदर्भ लावते. मग समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. त्याला कळलेलं काही नसतं आणि समजून घ्यायची हौसही नसते. म्हणून ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मग मला जे सांगायचंय ते नीट सांगता येईल.

शिकलेली माणसं शोधनिबंध लिहितात. त्यात ज्यांच्या लेखांचा आधार घेतला, त्यांची यादी शेवटी द्यावी लागते. ती संदर्भसूची. आता प्रत्येक जर्नलची तऱ्हा वेगळी. एकाला आडनाव आधी आणि लगेच कंसात साल लागतं. दुसऱ्याला साल शेवटी हवं. तिसऱ्याला मजकुरात नाव चालतच नाही, नुसता आकडा हवा. एकाच्या घरी लेखाचं नाव तिरकं, तर दुसऱ्याच्या घरी जर्नलचं नाव तिरकं. ह्या असल्या सोवळ्याओवळ्याने लिहिणारे मेटाकुटीला येतात आणि माझं दार वाजवतात. मी पूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला, डोळे शाबूत राहिले. आता जेवणाच्या अर्ध्या टेबलावर माझा कॉम्प्युटर असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर घर जेवतं.

काम संपवताना मी हजेरी घेते. वर मजकुरात ज्याचं नाव आलंय तो खाली सूचीत हवाच, आणि खाली जो बसलाय त्याला वर कुठल्यातरी वाक्यात बोलावलेलं हवं. न बोलावता खाली येऊन बसलेल्याला मी उपरा म्हणते. उपरे निघतात, पुष्कळ निघतात. बहुतेक सूच्या एकमेकांवरून उतरवलेल्या असतात. एखाद्याने कधीतरी पान क्रमांक चुकवला की तीच चूक दहा जणांच्या लेखातून फिरून माझ्या टेबलावर येते. दहातल्या एकानेही तो लेख उघडलेला नसतो. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर म्हटलं, आपल्याला काय, आपण स्वल्पविराम बघावा.

पण माझं पुरे. मला सांगायचंय ते माझ्या धाकट्या जावेबद्दल, जिला घरात सगळे नकारघंटा म्हणतात.

हे नाव सासूबाईंनी ठेवलं, आणि तेही पहिल्याच दिवशी. माझ्या दिराचं लग्न नोंदवायला आम्ही सगळे कचेरीत गेलो होतो. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला, पेन दिलं, भावजींनी फटकन सही केली. ही बाई खुर्ची ओढून बसली आणि फॉर्म वाचायला लागली. पुढची बाजू वाचली, मागची वाचली, तळाशी बारीक अक्षरात होतं तेही वाचलं. मागे दुसरी जोडपी ताटकळत उभी. कारकून म्हणाला, बाई, सगळेच सही करतात. ही म्हणाली, नाही, वाचून करते. बाहेर आल्यावर सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, की ही नकारघंटा आपल्या घरी वाजणार आहे, तयारी ठेव.

वाजली, चांगलीच वाजली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि तिचा विषय भिंतीतली ओल. हसू नका, मी आधी हसून घेतलंय. जमिनीतली ओल भिंतीत वर कशी चढते, किती चढते, कशाने थांबते, ह्यावर माणूस आयुष्य घालवू शकतो हे मला तिच्यामुळे कळलं. आमच्या घराच्या प्रत्येक भिंतीला तिने बारीक भोकं पाडली आणि त्यांत तिचं ते ओल मोजायचं यंत्र खुपसलं. घराला पुरलं नाही म्हणून गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांमधून हिंडली. लोकही गमतीचे. नळाची तक्रार करायला माणूस मिळत नाही म्हणून हिच्यापाशी करायचे, आणि ही ती मुकाट ऐकून भोक पाडून यायची.

आमच्या स्वयंपाकघराची भिंत तिच्या लेखातली मुख्य भिंत. ओट्याखाली ओल होती म्हणून आमच्या ह्यांनी बाजारातून तो वॉटरप्रूफ लेप आणून आतून थापला होता. खालची ओल दिसेनाशी झाली. हे मिशीला पीळ देऊन हिंडले. मग पावसाळा गेल्यावर वरच्या फळीवरच्या डब्यांची बुडं गंजायला लागली, कारण लेपाने ओल अडली नव्हती, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती म्हणून ती वर गेली होती. जाऊबाईंनी गल्लीतल्या लेप दिलेल्या आणि न दिलेल्या भिंती उन्हाळ्या-पावसाळ्यात सारख्या मोजल्या आणि तेच निघालं. विटांच्या भिंतीला आतून लेप द्या, ओल मजला चढते. तिचा लेख हाच.

आता ह्या लेखाला एवढं महत्त्व का, तेही ऐका. ती नोकरीत कायम नव्हती. दरवर्षी नवा करार, दरवर्षी सुट्टीत जीव टांगणीला. कायमच्या जागेची मुलाखत होणार होती आणि अट अशी होती की मोठ्या जर्नलात एक तरी लेख छापलेला पाहिजे. नाहीतर यंदाचा करार शेवटचा. भावजींचं वर्कशॉप कसंबसं चालायचं. घर तिच्या पगारावर उभं होतं असं म्हटलं तर कुणाचा अपमान होऊ नये, कारण ते सगळ्यांनाच माहीत होतं.

लेख एका नामांकित जर्नलला गेला. संदर्भ अर्थात मी लावले, आणि त्या सूचीत एकही उपरा नव्हता. माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतकी स्वच्छ सूची मी पाहिली नाही. पुढे संपादकाचं उत्तर आलं. लेख चांगला आहे, परीक्षकाला आवडला आहे, छापू, फक्त परीक्षकाने सुचवलेले पुढील सहा लेख संदर्भांत घ्यावेत. खाली सहा लेख. सहाही एकाच माणसाचे.

जर्नल ज्या जाणकाराकडून लेख तपासून घेतं, त्या परीक्षकाचं नाव गुप्त असतं म्हणे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? स्वतःचंच घोडं दामटणारा हा माणूस कोण ते आम्हाला पहिल्या ओळीत कळलं. ओलीच्या विषयातलं ते फार मोठं नाव, परिषदांमधून मधल्या खुर्चीत बसणारे. नाव जितक्या सूच्यांत, तितकी ती खुर्ची पक्की. आम्ही त्यांचं नाव षटकारसाहेब ठेवलं आणि पोट धरून हसलो.

हसणं संपल्यावर मी कॉम्प्युटर पुढे ओढला. म्हटलं, सांग, पटापट घालते, आजच पाठवू. तिने सहाही नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली की मी हे लेख वाचलेले नाहीत. मला हसूच आलं. सूचीतले सगळे लेख वाचायचे ठरवले तर जगातली सगळी जर्नलं उद्या बंद पडतील हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक.

"सहा ओळी आहेत गं, फक्त सहा," मी म्हटलं. "घाल आणि मोकळी हो."

"खाली सहा ओळी आहेत, वहिनी. वर सहा वाक्यं लागतील. तुम्हीच हजेरी घेता ना? ती सहा वाक्यं कुणाची लिहू?"

माझ्याच काठीने मला मारलं होतं.

तिने ते सहा लेख मिळवले आणि खरंच वाचायला बसली. ती भाजी निवडताना वाचायची, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचायची. इकडे घरात जो तो तिला शहाणपण शिकवायला लागला. भावजी म्हणाले, अडला हरी, बाकीचं तुला माहीत आहे. त्यांनी पहिल्यांदाच बायकोवर आवाज चढवला आणि लगेच वर्कशॉपला निघून गेले. विभागप्रमुखांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं, की पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ह्या क्षेत्रात असंच चालतं, मीही केलंय, सगळेच करतात. तिने विचारलं म्हणे, सगळे करतात तर मग सांगायला लाज का वाटते, दार का लावून घेतलंत? प्रमुखांनी तिला चहा विचारला नाही.

मीही तिला बोलले. तोंडावर बोलले. म्हटलं, तुझ्या ह्या ताठ कण्याला रोज दूध कोण घालणार आहे? तत्त्वं पातेल्यात टाकून शिजवता येत नाहीत. तिने ऐकून घेतलं आणि पाचवा लेख उघडला.

वाचून झाल्यावर तिने सगळ्यांना टेबलापाशी बसवलं. पाच लेखांचा आणि आमच्या भिंतींचा काडीचाही संबंध नव्हता. एक तर धरणाबद्दल होता. पण सहावा अगदी ह्याच विषयावर होता, षटकारसाहेबांचा गाजलेला लेख, आणि त्यात म्हटलं होतं की आतून लेप दिला की विटांच्या भिंतीतली ओल हटते. ती म्हणाली, हा घ्यायलाच हवा, हा राहिला होता ही माझी चूक. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, एक तर एक. मग तिने वाक्य वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं की सदर लेखात ओल फक्त गुडघ्याच्या उंचीपर्यंत मोजली आहे, त्याच्या वर यंत्र लावलेलंच नाही. प्रस्तुत भिंतींमध्ये ओल नेमकी त्याच्या वर सापडली, म्हणून तो निष्कर्ष टिकत नाही.

भावजींनी कपाळावर हात मारला. सासूबाई सुपारी कातरत होत्या, त्या म्हणाल्या, डबे आमचे गंजले, त्याचे गंजले असते तर त्याने वर बघितलं असतं. मी सूचीत एक ओळ वाढवली, आडनाव, साल, लेखाचं नाव, सगळं त्यांच्या सोवळ्यात बसवून. हजेरी घेतली. सगळे हजर होते.

लेख परत आला. नाकारला. कारण काय, तर परीक्षकाच्या सूचनांची पुरेशी दखल घेतलेली नाही. मुलाखत झाली, हिच्याकडे दाखवायला काही नव्हतं, जागा गेली. एवढंच की त्या जागेवर घ्यायला लायक दुसरं कुणी आलं नाही म्हणून त्यांनी जागा रिकामी ठेवली आणि हिला आणखी एका वर्षाचा करार दिला, अगदी उपकार केल्यासारखा. त्या दिवशी ती घरी आली, चप्पल काढली, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. नळ सोडला म्हणून ऐकू येत नाही असं तिला वाटलं असेल. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाली, वहिनी, आता दुसऱ्या जर्नलला पाठवू, त्यांच्याकडे साल शेवटी असतं. मला तिचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी नुसतंच कॉम्प्युटर चालू केला.

दुसरं जर्नल लहान होतं. कुणाच्या खिजगणतीत नाही असं. त्यांनी लेख जसाच्या तसा छापला, त्या वाक्यासकट. पण कॉलेजने तोवर नवी पाचर मारली. लहान जर्नलातला लेख धरायचा तर तो निदान एका बाहेरच्या माणसाने आपल्या लेखात संदर्भ म्हणून घेतलेला हवा. आता बसा वाट बघत. ओलीवर लिहिणारे सगळे षटकारसाहेबांच्या छत्रीखालचे. हिचं नाव घेऊन कोण भिजणार?

मुलाखत पुन्हा तोंडावर आली तेव्हा माझ्याकडे एक बाई काम घेऊन आल्या. दूरच्या कॉलेजातल्या, दगडी इमारतींवर काम करणाऱ्या. मी मनातल्या मनात त्यांना दगडवाल्या बाई म्हणायला लागले. त्यांची सूची लावता लावता माझं बोट थांबलं. आमचं आडनाव. जावेचं आद्याक्षर. लहान जर्नलचं नाव. मी खुर्चीतून उठून ओट्यापाशी गेले, पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा वाचलं. तेच होतं. ती कॉलेजातून येईपर्यंत मला दम निघेना. आल्या आल्या सांगितलं, बाई, मिळालं, तुझं नाव आलं, आता कुणाच्या बापाला अडवता येणार नाही.

तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. विचारलं, वर कुठल्या वाक्यात?

मी वाक्य शोधलं. "भिंतीतील ओल ही जुनी समस्या आहे," आणि पुढे कंसात अकरा नावं. त्यातलं एक हिचं.

"त्यांनी वाचलाय का माझा लेख?"

"तुला काय करायचंय? नाव आलं ना?"

"त्यांना विचारा. वाचला नसेल तर काढायला सांगा."

त्या दिवशी मी तिच्यावर जेवढी ओरडले तेवढी आयुष्यात कुणावर ओरडले नाही. म्हटलं, दैव देतं आणि कर्म नेतं ते हेच. म्हटलं, हे तू मागितलेलं नाहीस, लबाडी केलेली नाहीस, पानात आपोआप पडलंय, ते खा ना मुकाट्याने. ती शांतपणे म्हणाली की मग षटकारसाहेबांनी माझं काय वाकडं केलं होतं? त्यांनाही कंसातच बसायचं होतं. ह्या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो.

मी दगडवाल्या बाईंना विचारलं. त्या मोकळेपणाने हसल्या. शीर्षक बघून घेतला म्हणाल्या, कंस जरा भरगच्च दिसावा म्हणून. मी त्यांच्या हातात हिच्या लेखाची छापील प्रत ठेवली आणि म्हटलं, लिहिणारी माझी जाऊ आहे, तिचा निरोप आहे, वाचा आणि मग ठेवायचं की काढायचं ते ठरवा. बाईंचा चेहरा पडला. संदर्भ लावणारीने असं विचारायचं नसतं. प्रत घेऊन गेल्या त्या कितीतरी दिवस फिरकल्या नाहीत. घरात मी आणि भावजी एकमेकांकडे बघायचो आणि उसासे टाकायचो.

मग एक दिवस त्या आल्या. लेख बदलला होता. अकरांच्या कंसातून हिचं नाव उठलं होतं आणि खाली एका वेगळ्या परिच्छेदात एकटंच बसलं होतं. बाईंनी लिहिलं होतं की हा निष्कर्ष विटांच्या भिंतींपुरता खरा असेल, पण दगडी भिंतीत आम्हाला उलट आढळलं, तो सरसकट लावणं चूक ठरेल. मला वाटलं आता हिला कुठल्या तोंडाने सांगू. एकच माणूस मिळाला आणि तोही म्हणतोय की तू चुकलीस.

हिने परिच्छेद वाचला आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा पोरगी पहिली आल्यावर तिच्या आईचा उजळावा. म्हणाली, बरोबर पकडलंय, मी दगडाची भिंत बघितलीच नव्हती. त्या दोघी आमच्या टेबलापाशी बसल्या आणि संध्याकाळचं जेवण होईपर्यंत भांडल्या. मधेच उठून स्वयंपाकघरातल्या भोकांमध्ये यंत्र घालून आल्या. सासूबाईंनी दोघींना पिठलं वाढू का विचारलं ते दोघींनाही ऐकू गेलं नाही.

बाईंचा लेख स्वीकारला गेला. त्याच्या पत्राची प्रत आणि तो परिच्छेद घेऊन ही मुलाखतीला गेली. तिथलं तिने घरी येऊन सांगितलं ते असं. समोर विभागप्रमुख, प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक म्हातारे इंजिनिअर. प्रमुखांनी परिच्छेद वाचला, चष्मा वर केला आणि हसून म्हणाले, मॅडम, तुमचा एकच संदर्भ कुणीतरी घेतलाय, आणि तो माणूस तर तुमचं चुकलं म्हणतोय.

"हो सर," ही म्हणाली. "पण वाचून म्हणतोय."

म्हातारे इंजिनिअर म्हणे खिडकीबाहेर बघत होते, ते वळले. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी विचारले, आणि सगळे भिंतींबद्दल.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आम्ही सगळे टेबलाभोवती होतो. कायम. भावजींनी पेन काढून तिच्या हातात दिलं, सहीची प्रत परत पाठवायची होती. तिने खुर्ची ओढली आणि वाचायला बसली. पुढची बाजू. मागची बाजू. आम्ही चौघं ताटकळत उभे. मागच्या बाजूला तिचं बोट थांबलं. लिहिलं होतं की विभागप्रमुखांच्या पूर्वसंमतीशिवाय कोणताही लेख प्रसिद्धीसाठी पाठवता येणार नाही.

तिने पेनाला टोपण लावलं. म्हणाली, नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता मी समजावायचं. मी इतकी वर्षं समजावतच आले होते. अडाणीपणाने नाही, काळजीने समजावत होते, आणि काळजी तेव्हाही होतीच. पण त्या ओळीकडे बघून माझंच टाळकं सरकलं. मी टोपण काढलं, पेन पुन्हा तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, खोड ती ओळ, शेजारी छोटी सही कर, आणि मग खाली मोठी कर. मुद्रितात आम्ही असंच करायचो.

तिने खोडली. सरळ, पट्टी लावून. शेजारी छोटी सही, खाली मोठी. पत्र त्याच दिवशी पोस्टात पडलं.

पुढे कितीतरी दिवस दाराची बेल वाजली की घरात जो तो दुसऱ्याला दार उघडायला पाठवायचा. कुणी आलं नाही. फोन नाही, नोटीस नाही. ती कायम झाली, त्यानंतर तिचे तीन लेख कुणालाही न विचारता गेले, आणि त्या खोडलेल्या ओळीबद्दल आजतागायत तिला कुणी अवाक्षरानेही विचारलेलं नाही. भावजी म्हणतात कॉलेजने मोठ्या मनाने मान्य केलं असेल. मी म्हणते, कसलं मोठं मन घेऊन बसलात, तो कागद तिथे कुणी वाचलेलाच नाही.